काळा विनोद : हंसूं कोठें अडतें?

विनोद म्हटला म्हणजे मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढें श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' येतात, चिं. वि. जोशी यांचे चिमणराव येतात. हें हंसूं निर्मळ; तें आलें कीं मन हलकें होतें. परंतु विनोदाची दुसरीहि एक जात आहे. तिच्यांत मरण, भूक आणि कर्ज हेच हंसण्याचे विषय होतात, आणि हंसूं ओठांवर येतां येतां घशांत अडकतें. फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेताँ यांनीं १९४० सालीं अशा लेखनाचा एक संग्रह सिद्ध केला, आणि 'काळा विनोद' हें नांव त्यामुळें रूढ झालें. बीड जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. त्याची किल्ली आपल्या रोजच्या बोलण्यांतच आहे.

दसरा-दिवाळी उलटली कीं गेवराई, पाटोदा, धारूर, वडवणी या भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम ज्या नवरा-बायकोस उचल देतो, त्या जोडप्यास 'एक कोयता' म्हणतात. एकटें माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. कोणी हें थट्टेनें बोलत नाहीं. हिशेबाची ती सोय आहे. पण, विद्यार्थिमित्रहो, क्षणभर थांबून हे शब्द ऐका. दोन जिवंत माणसें मिळून एक हत्यार, आणि जोडीदार गमावलेली बाई म्हणजे त्या हत्याराचा अर्धा तुकडा! प्रथम हंसूं येतें, मग हंसल्याची लाज वाटते. काळ्या विनोदाचें सारें यंत्र येथें उघडें पडलें आहे. विषय भयंकर, भाषा मात्र वहीखात्याची. बोलणारा शांत, आणि भय सगळें ऐकणाऱ्याच्या वाट्यास.

डब्लिन येथील धर्मगुरु जोनाथन स्विफ्ट यांनीं १७२९ सालीं हेंच यंत्र जाणूनबुजून चालविलें. आयर्लंडांतील दारिद्र्यावर उपाय म्हणून गरिबांचीं वर्षाचीं मुलें धनिकांच्या जेवणासाठीं विकावींत, अशी सूचना त्यांनीं एका पत्रकांत केली, आणि वजन, किंमत, शिजविण्याची रीत असा सर्व तपशील भरला. पत्रकांत ते एकदांहि स्वतःच्या तोंडानें रागावत नाहींत. ते रागावले असते, तर वाचकानें मान डोलावून पान उलटलें असतें. ते रागावत नाहींत, म्हणून रागावण्याचें काम वाचकास स्वतः करावें लागतें.

आपल्या मराठींत या रीतीचें उत्तम उदाहरण म्हणजे सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा २००९ सालचा चित्रपट. स्थळ विदर्भांतील एक खेडें. गांवांतील एका शेतकऱ्यानें आत्महत्या केल्यावर अलकेच्या मनांत भय शिरतें कीं आपला किसनाहि तसेंच कांहीं करील. मग ती लहानग्या मुलास बापाच्या मागें मागें राहावयास सांगते, आणि नवऱ्याचें मन प्रसन्न राहावें म्हणून ओढाताणीच्या संसारांत गोडाधोडाचा स्वयंपाक करते. किसनाला या पहाऱ्याचा पत्ता नाहीं. प्रेक्षकांस मात्र तो ठाऊक असतो, त्यामुळें ताटांतील पुरणपोळी हीसुद्धां भयाची खूण होते. गिरीश कुलकर्णी व सोनाली कुलकर्णी यांनीं हीं पात्रें इतक्या साधेपणानें रंगविलीं आहेत कीं कोणी विनोद करीत आहे असें वाटतच नाहीं. आम्हांस तर हा चित्रपट पाहतांना प्रत्येक हंसण्याबरोबर पाऊस केव्हां येतो याची चिंताच अधिक लागली.

पुढच्याच वर्षीं, २०१० सालीं, अनुषा रिझवी यांचा 'पीपली लाइव्ह' हा हिंदी चित्रपट आला. कर्जांत बुडालेल्या नत्थाच्या मरणानें घराला सरकारी मदत मिळेल, असा हिशेब येथें सख्खे भाऊ मांडतात, आणि वृत्तवाहिन्या त्या मरणाची वाट पाहत दारांत तळ ठोकतात. अतिशयोक्ति वाटते खरी. परंतु महाराष्ट्रांतहि शेतकऱ्याच्या आत्महत्येचें प्रकरण समितीपुढें जातें, आणि मदतीसाठीं तें 'पात्र' कीं 'अपात्र' हें ठरतें. निकालपत्रकांतले हे शब्द मेलेल्या माणसास लागलेले पाहिले म्हणजे चित्रपटकर्त्यांस फारसें कांहीं नवें रचावें लागलें नसेल असें वाटतें.

कादंबरीकाराचें काम याहून अवघड, कारण त्याच्याजवळ नटाचा चेहरा नसतो. जोसेफ हेलर यांच्या 'कॅच-२२' (१९६१) या युद्धावरील कादंबरींत एक नियम आहे. वेडा वैमानिक लढाईंतून मुक्त होऊं शकतो, पण त्यासाठीं त्यानें अर्ज केला पाहिजे. आणि मरणास भिऊन जो अर्ज करितो तो अर्थातच शहाणा, म्हणून त्यानें उड्डाण करावें! कचेरीच्या पायऱ्या झिजविलेल्या कोणासहि हा नियम समजावून सांगावा लागत नाहीं.

आतां कोणी विचारील, ज्या घरांत खरोखर असा प्रसंग घडला त्यांच्यासमोर हें हंसणें शोभतें काय? शंका रास्त आहे. चार्ली चॅप्लिन यांनीं १९४० सालीं 'द ग्रेट डिक्टेटर' काढून हिटलरची खिल्ली उडविली. पण १९६४ च्या आत्मचरित्रांत त्यांनीं लिहिलें कीं जर्मन छळछावण्यांतील खरे अत्याचार त्या वेळीं ठाऊक असते तर तो चित्रपट आपल्या हातून झाला नसता.

आम्हींहि या शंकेंत एकदां सांपडलों होतों. दहावीच्या वर्गांत 'गाभ्रीचा पाऊस'ची हकीकत सांगत असतां मुलें हंसलीं. मागच्या बांकावरचा एक मुलगा तेवढा गप्प होता. आम्ही मनांत चरकलों व विषय आवरता घेतला. तास सुटल्यावर तो आपण होऊन आमच्याजवळ आला.

"सर, दुष्काळाच्या साली आईनं मलाबी असंच बापाच्या मागं ठेवलं होतं," तो म्हणाला. "रानात, पारावर, सगळीकडं मागं मागं."

"वडिलांना कळलें नाहीं?"

"कळलं की. एक दिवस मागं वळून म्हणले, 'का रं, तुझी शाळा सुटली का माझी भरली?'"

हें सांगतांना तो स्वतःच हंसूं लागला, आणि मग आम्हांसहि हंसूं आवरेना. वडील आतां कसे आहेत, असें आम्हीं विचारलें. टोळीबरोबर कारखान्यावर गेले आहेत, आईहि गेली आहे, एक कोयता, असें त्यानें सांगितलें.