रिद्धपूरची विहीर आणि कातळातले पाणी

रिद्धपूर म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला महानुभाव पंथ आणि म्हाइंभट आठवतात. गोविंदप्रभूंच्या चरित्रात एका विहिरीचीही लीळा आहे. मातंगांची पाण्यावाचून अडचण होती. प्रभूंनी जागा दाखविली, तेथे खणले आणि पाणी लागले. ही लीळा आपण समतेच्या दृष्टीने वाचतो, आणि ते योग्यच आहे. मी भूगोलाचा विद्यार्थी; मला त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. आपल्या मुलखात 'जागा दाखविणे' एवढे मोलाचे का?

पूर्णेच्या गाळात पाणी कणाकणांमधल्या पोकळीत साठते. वाळूतून ते कसे वाहते याचा नियम फ्रान्समध्ये दार्सी याने १८५६ साली मांडला. परंतु जिल्ह्याच्या बऱ्याच भागात, मोर्शी-वरूडकडेही, खाली काळा पाषाण आहे; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. त्याच्या घट्ट अंगात पाणी जवळजवळ शिरतच नाही. ते राहते वरच्या मुरमात, थरांच्या सांध्यांत, लाव्हा निवताना पडलेल्या भेगांत.

आता भेगेचा हिशेब पाहा. मला तो फार विलक्षण वाटतो. भेगेची रुंदी दुप्पट झाली तर प्रवाह दुप्पट होत नाही, आठपट होतो. एका खडकात एक मिलिमीटरची एकच भेग आहे, दुसऱ्यात दशांश मिलिमीटरच्या दहा आहेत असे समजा. पोकळी दोन्हींत सारखीच, पण इतर सर्व समान असता पहिल्यातून शंभरपट पाणी जाईल. (भेगेच्या बाजू गुळगुळीत व समांतर मानल्या आहेत, प्रत्यक्षात त्या खडबडीत असतात, कुठे मातीने बुजलेल्याही असतात.) म्हणून एका विहिरीला मोट पुरत नाही आणि बांधापलीकडची कोरडी राहते. यात दैवाचा भाग नाही. भेगा पुष्कळदा उभ्या असतात. उभे बोअर दोन भेगांच्या मधून सरळ खाली निघून जाते. आपले शेतकरी विहिरीच्या पोटातून आडवे बोअर मारतात, त्यातले शहाणपण हेच.

मात्र पाणी वेगाने देणारी भेग फार साठवते असे नाही. भरभरून देणारे बोअर उन्हाळ्यात एकाएकी आटते ते यामुळे. मोर्शी-वरूडच्या संत्राबागांसाठी होणारा बेसुमार उपसा याच भेगांतून होतो.

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्याने बंधन घातले. हेतू चांगलाच, पण भेगेच्या दिशेने त्याहून दूरचा उपसाही विहीर ओढू शकतो, आणि आडव्या दिशेला जवळचाही कदाचित बाधणार नाही. कोणती विहीर कोणत्या विहिरीशी जोडलेली आहे, हे एकीवर पंप चालू असताना दुसरीची पातळी मोजल्याने बरेचसे कळते. त्याला लांब दोरी, वजन आणि वही पुरे. भूगोल मंडळाने येत्या उन्हाळ्यात रिद्धपूरपासून हे काम हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे.