मेरी सरॅट दोषी होती का?

प्रश्न : अब्राहम लिंकन यांचा खून जॉन विल्क्स बूथने केला. मग त्या प्रकरणात मेरी सरॅट नावाच्या विधवेला फाशी का दिली? ती खरंच कटात होती का?
— एक वाचक, कराड

उत्तर : अपहरणाच्या बेताची कुणकुण तिला असावी, असं माझं मत आहे. खुनाचा बेत तिला ठाऊक होता, हे मात्र निर्विवाद सिद्ध झालं नाही.

हे दोन बेत वेगळे धरायला हवेत. मेरी वॉशिंग्टनमध्ये भाडेकरू ठेवून घर चालवत होती. तिचा मुलगा जॉन अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने गुप्त निरोप पोचवायचा. त्याच्यामुळे बूथचं तिथे येणं-जाणं होतं. लिंकनना पळवून न्यायचं आणि त्यांच्या बदल्यात दक्षिणेचे युद्धकैदी सोडवायचे, असा मूळ डाव होता. मार्च १८६५ मध्ये तो फसला. ९ एप्रिलला दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले. दोन दिवसांनी लिंकननी काही कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळावा, असं भाषणात म्हटलं. बूथ त्या गर्दीत उभा होता, आणि अपहरणाच्या जागी आता खुनाचा बेत आला.

१४ एप्रिलच्या रात्री तिघांना मारायचं ठरलं. फोर्ड नाट्यगृहात बूथने लिंकनवर गोळी झाडली. लुईस पॉवेलने परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांच्यावर सुरा चालवला, पण ते बचावले. उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना मारण्याचं काम ॲट्झेरॉटकडे होतं. त्याला धीरच झाला नाही. बूथ २६ एप्रिलला मारला गेला, आणि त्याच्यापुरती चौकशी तिथेच संपली.

मेरीविरुद्धचा पुरावा मुख्यतः दोन साक्षींवर उभा होता : एक तिचा भाडेकरू, दुसरा तिच्या गावाकडच्या दारूच्या गुत्त्याचा चालक. खुनाच्या दिवशी तिने तिथे दुर्बीण पोचवली आणि बंदुका तयार ठेवायला सांगितलं, असं तो चालक म्हणाला. हा माणूस दारुडा होता आणि स्वतःच संशयाखाली अटकेत होता. तिच्या अटकेच्या वेळीच पॉवेल तिच्या दारात आला आणि ‘मी याला ओळखत नाही’ असं ती म्हणाली, हे तिला सगळ्यात जास्त भोवलं.

मला खटकतो तो खटला. नागरी न्यायालयं चालू असताना आठही आरोपींना नऊ लष्करी अधिकाऱ्यांपुढे उभं केलं. फाशीला एकमत लागत नव्हतं, दोन-तृतीयांश मतं पुरत होती. आरोपीला स्वतः साक्ष देता येत नव्हती. नवापैकी पाच अधिकाऱ्यांनी मेरीसाठी दयेची शिफारस केली. ती आपल्याला दाखवलीच नाही, असं राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन्सन पुढे म्हणाले. ७ जुलैच्या सकाळी एका न्यायाधीशाने तिला कोर्टापुढे हजर करण्याचा हुकूम काढला. जॉन्सननी तो स्थगित केला, आणि त्याच दुपारी मेरीसह चौघांना फाशी झाली. अमेरिकेच्या संघ सरकारने फाशी दिलेली ती पहिली स्त्री.

पुढच्याच वर्षी मिलिगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : नागरी न्यायालयं उघडी असतील तिथे नागरिकांना लष्करी न्यायासनापुढे आणता येणार नाही.

मुलगा जॉन कॅनडामार्गे युरोपात पळाला आणि इजिप्तमध्ये सापडला. १८६७ मध्ये त्याचा खटला ज्यूरीपुढे चालला. ते दोन साक्षीदार तिथेही उभे राहिले. पण ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि जॉन सुटला.