चाल आधी, बटणं नंतर

सिक्वेन्सर घेतलास, बरं केलंस. आता मामाचं थोडं ऐकून घे. यातलं बरंचसं मॅन्युअलमध्येही सापडेल म्हणा, पण मॅन्युअल वाचतंय कोण.

पहिलं म्हणजे चाल मशीनवर लावू नकोस. पेटीवर लाव, बसमध्ये गुणगुणत लाव, भाजी निवडताना लाव. मुखडा आणि निदान एक अंतरा पाठ झाल्याशिवाय वायर खोचायची नाही. तेच ते वाजवत राहणं हा मशीनचा स्वभाव. चार बारचा तुकडा केलास की तो फिरत राहतो, थोड्या वेळाने कानाला गोड लागायला लागतो, आणि मग त्यात आणखी काहीतरी घालावंसं वाटतं, बाहेर पडावंसं वाटत नाही. अशा तुकड्यांनी मेमरी भरलेली आणि पुरं गाणं एकही नाही, अशी हुशार पोरं मी खूप पाहिली. मशीन कुठे बदलणार हे ठरवणं हे तुझं काम. बाकीचं ते आपण होऊन करतं.

म्हणून दुसरं साधन कागद. एका पानावर लिही: ओपनिंग म्युझिक, मुखडा दोनदा, पहिलं म्युझिक, अंतरा, क्रॉस लाइन, मुखडा. प्रत्येकापुढे बार किती आणि पॅटर्न नंबर कोणता. अलेसिसच्या एमएमटी-८ मध्ये, १९८७ च्या मशीनमध्ये, आठ ट्रॅक होते आणि शंभर पार्ट ठेवता येत. स्क्रीन म्हणावी तर दोन ओळींची पट्टी. कागदाशिवाय कुणाचं चालतच नसे. आताच्या स्क्रीनवर सगळं दिसतं असं वाटतं, पण एका वेळी एकच पॅटर्न दिसतो. गाणं दिसत नाही.

आता ताल. एका ओळीत १६ बटणं ही मांडणी रोलंडच्या टीआर-८०८ पासून, म्हणजे १९८० पासून, लोकांच्या अंगवळणी पडली. चार बटणांचा एक ठोका, चार ठोक्यांचा बार. आपण १६ पाहिले की लगेच तीनताल आठवतो आणि वाटतं, एक बटण एक मात्रा. तसं करू नकोस. मात्रेच्या आत काही वाजवायला जागा उरत नाही, आणि मिनिटाला १६० मात्रांची लय हवी असेल तर टेम्पो ४० वर आणावा लागतो. मात्रेला दोन स्टेप दे. केरव्याच्या आठ मात्रा मग नेमक्या १६ स्टेपमध्ये बसतात. तीनतालाला मात्रेमागे चार स्टेप दिल्या तर ६४ होतात, आणि २०१७ च्या एलेक्ट्रॉन डिजिटॅक्टवर पॅटर्नची कमाल लांबी तेवढीच आहे.

दादऱ्याला पॅटर्नची लांबी १२ कर, असं सगळेच सांगतात. पुढचं सांगत नाहीत. मशीनचा मेट्रोनोम चार स्टेपला एकदा वाजतो. सहा मात्रांच्या १२ स्टेप केल्या की टिकटिक पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर पडते आणि दादऱ्याचं तीन-तीनचं वजन मोडून दोन-दोन-दोन होतं. तू गोंधळतेस, गाणारी त्याहून जास्त. तेव्हा मेट्रोनोम बंद ठेव, नाहीतर मात्रेला चार स्टेप देऊन पॅटर्न २४ चा कर. रूपकाला २८. प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवायची सोय असते, तिच्याशी खेळ जरूर, पण १२ आणि १६ चे ट्रॅक एकत्र सोडलेस तर ते ४८ स्टेपनंतर पुन्हा भेटतात हे लक्षात ठेव. तोवर गायिकेने सम शोधत बसायचं का?

सगळ्यात जास्त गाणी बिघडतात ती पॅटर्नच्या सांध्यावर. मशीन पॅटर्न बदलतं पहिल्या स्टेपवर. आपलं गाणं तसं कुठे चालतं? मुखडा बऱ्याचदा समेच्या आधीच उचलला जातो, दीड-दोन मात्रा आधी. ही उचल मुखड्याच्या पॅटर्नमध्ये ठेवता येत नाही. ती आधीच्या पॅटर्नच्या शेपटीत जाते. त्यासाठी प्रत्येक भागाच्या शेवटच्या आवर्तनाची वेगळी कॉपी कर. त्याच ठेक्याची, त्याच बेसची, फक्त शेवटच्या चार स्टेपमध्ये पुढच्या ओळीची उचल. तिहाईचंही तेच. तिहाईचा शेवटचा धा तिहाईच्या पॅटर्नमध्ये नसतोच, तो पुढच्या पॅटर्नच्या पहिल्या स्टेपवर असतो. अंतऱ्याची सुरुवात तू हळुवार हवी म्हणून तिथला डग्गा काढून टाकलास, तर तिहाई येते आणि लोंबकळत राहते. अंतऱ्याचं पहिलं आवर्तन धा असलेलं आणि बाकीची धा नसलेली, असे दोन पॅटर्न ठेव. मेमरी त्यासाठीच आहे.

क्वांटाइझ आवडतं तुला, माहीत आहे. सगळं सुतात येतं. तालवाद्यांना लाव, चालीला शक्यतो लावू नकोस, आणि लावलंसच तर अर्धवट लाव. स्विंग मात्र शिकून घे. रॉजर लिनने अकाईसाठी घडवलेल्या एमपीसी-६० मुळे, १९८८ पासून, स्विंगचे टक्के पोराटोरांच्या तोंडी आले. ५० म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास म्हणजे तिश्र. भावगीताच्या केरव्याला मी ५४ ते ५८ मध्ये कुठेतरी थांबतो. त्यापुढे गेलं की गाणं लंगडतं. आणि स्विंग द्यायचा तर बेसलाही दे. खंजिरी झुलतेय आणि बेस काठीसारखा ताठ, हे कानाला खुपतं.

आघाताचा जोर १ ते १२७. नवशिका सगळं १०० वर ठेवतो आणि मग म्हणतो, मशीन मशीनसारखं वाजतं. तबलजी एकाच आवर्तनात सात ना वाजवेल, पण दोन सारखे नसतील. ना चे दोन-तीन वेगवेगळे नमुने भर आणि आलटून पालटून लाव. डग्ग्याचा जोर खालीच्या भागात उतरव, नाहीतर भरी कुठली नि खाली कुठली हे कळत नाही, आणि ते कळलं नाही तर ठेका उरत नाही, नुसती टकटक उरते.

सुरांबद्दल थोडं. मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे, त्यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. हाताशी ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही रोलंडचीच यंत्रं. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या डीजेंनी कान टवकारले. ऐक ती. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची स्लाइडची सोय आहे, आणि राग वाजवताना तिचा किती उपयोग होतो ते तिथे कळतं. तुझ्या कीबोर्डवर मींड घ्यायची तर पिच बेंडचा पल्ला आधी तपास. बहुतेक वाद्यांत तो दोन अर्धस्वरांचा असतो, म्हणजे सा वरून शुद्ध रे पर्यंतच. ग पर्यंत जायचं तर चार कर, आणि ही आज्ञा गाण्याच्या सुरुवातीलाच लिहून ठेव.

त्यासाठी गाण्याआधी एक रिकामा बार सोड. कुठला टोन, आवाज किती, डावीकडे की उजवीकडे, पिच बेंडचा पल्ला, सगळं त्या बारमध्ये. पहिल्या सुराबरोबरच टोन बदलायला सांगितलास तर मशीन अडखळतं आणि पहिला सूर चुकीच्या वाद्याचा येतो. आणि कीबोर्ड सिक्वेन्सरला जोडलास की त्याचा लोकल कंट्रोल ऑफ कर, नाहीतर प्रत्येक सूर दोनदा वाजेल.

गायिका ऐनवेळी पट्टी बदलणार, हे गृहीत धर. पांढरी चारमध्ये बांधलेलं गाणं तिला काळी तीनमध्ये हवं असतं. ट्रान्सपोझ करायला क्षण लागत नाही, पण तालाचा ट्रॅक आधी त्यातून वगळ. जनरल मिडीच्या दहाव्या चॅनलवर ३६ नंबरला बेस ड्रम, ३७ ला साइड स्टिक, ३८ ला स्नेअर असतो. अर्धा स्वर वर सरकवलंस की बेस ड्रमच्या जागी कडकड ऐकू येईल.

स्टेजवर खरा तबलजी असेल तर मशीनची लय त्याच्या हेडफोनमध्ये दे. मशीन त्याचं ऐकणार नाही, त्याला मशीनचं ऐकावं लागेल, आणि हे त्याला आधी सांगून विचार. नाही म्हणाला तर ठेका काढून टाक, मशीनकडे फक्त भरणा ठेव. माणसाचा तबला असताना मशीनचा वाजवायचा नाही, हे माझं मत. कुणी जुनाट म्हणेल, म्हणू दे.

रोज काम संपलं की नव्या नंबरवर सेव्ह कर, जुन्यावर नाही. आणि शेवटचा पॅटर्न लिहायला विसरू नकोस. तो नसेल तर गाणारी थांबते, मशीन चालूच राहतं.

शनिवारी ये तेव्हा दोन अंतरे पुरे करून आण. तिसरा असेल तर त्याचा ठेका बदललेला हवा.