दुबईची नोकरी आणि दलालाचे दीड लाख

प्रश्न : मुलगा नववी शिकलेला, वेल्डिंग जाणणारा. दलाल दीड लाख घेऊन पर्यटक-व्हिसावर दुबईस धाडतो म्हणतो. पाठवावे काय?
— एक वाचक, दर्यापूर

उत्तर : मुळीच नाही. दहावी अनुत्तीर्ण इसमास संयुक्त अरब अमिरातीसह 18 देशांत नोकरीस जाण्यापूर्वी 1983 च्या कायद्यान्वये उत्प्रवासी संरक्षकांची मंजुरी अनिवार्य असून, पर्यटक म्हणून धाडणारा दलाल नेमकी तीच टाळतो, आणि पुढे पगार थकल्यास दाद मागावयास हाती कागदच उरत नाही. नोंदणीकृत एजंटासही 30,000 रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेण्याची मुभा नाही. मग दीड लाखांसाठी वावर गहाण टाकणार असाल, तर तो निव्वळ अविचार. सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर दलालाची नोंदणी पडताळा, आणि नोकरीच्या करारनाम्याची एक नक्कल घरी ठेवून घेतल्याखेरीज मुलास विमानात बसवू नका.