परीक्षेनंतरचा ताळा

गणिताचा पेपर संपल्याची घंटा झाली, म्हणजे शाळेच्या आवारात एक निराळीच शाळा भरते. तिला फळा नसतो, खडू नसतो, हजेरीपटही नसतो. चार-सहा मुले एका प्रश्नपत्रिकेभोवती डोकी जमवितात आणि ‘तुझं किती आलं?’ हा एकच प्रश्न एकमेकांस विचारीत राहतात. ज्याचे उत्तर जुळले त्याचा चेहरा उजळतो. ज्याचे जुळले नाही तो हळूच बाजूला होतो. त्या वेळी शिक्षक उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधण्यात गुंतलेले असतात आणि या संभाषणाकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. वस्तुतः गणिताच्या शिक्षकास मुलांच्या विचाराची रीत प्रत्यक्ष ऐकावयास मिळते ती याच वेळी.

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावासारख्या शेतकरी वस्तीच्या गावाचे उदाहरण घेऊ. समजा, तेथील पाचवीच्या मुलांस पुढील प्रश्न घातला आहे: ‘एका शेताचा सरळ बांध १०० मीटर लांब आहे. त्यावर दर ५ मीटर अंतरावर एक याप्रमाणे खांब रोवावयाचे आहेत. बांधाच्या दोन्ही टोकांस खांब हवेत. एकूण किती खांब लागतील?’ पेपर सुटल्यावर पाच मुले एकत्र जमली. चौघांचे उत्तर २० आले होते आणि त्या चौघांत वर्गातला सर्वांत हुशार मुलगा होता. पाचव्या मुलीचे उत्तर मात्र २१ होते. तिने कच्च्या कागदावर रेघ ओढून खांब मोजले होते. ‘आमचं सगळ्यांचं वीस आलंय, तुझंच चुकलं,’ असे इतरांनी सांगताच ती गप्प झाली. ‘माझं एक गणित चुकलं,’ असे तिने घरी आईस सांगितले.

त्या मुलीचे उत्तर बरोबर होते. १०० ला ५ ने भागले असता २० ही अंतरांची संख्या येते, खांबांची नव्हे. पहिल्या टोकाचा खांब त्यात मिळविला म्हणजे २१ होतात. हाच प्रश्न १०० मीटर परिमितीच्या बंदिस्त कुंपणाविषयी असता, तर मात्र २० हेच उत्तर बरोबर ठरले असते. कारण तेथे शेवटचे अंतर पुन्हा पहिल्याच खांबाशी येऊन मिळते. चौघांची भागाकाराची रीत चुकली नव्हती, प्रश्नाचे वाचन अपुरे झाले होते.

तपासलेली उत्तरपत्रिका हाती आल्यावर त्या मुलीस तिचे गुण मिळतीलच. परंतु पुढच्या वेळी ती आपल्या आकृतीकडे पाहण्याऐवजी हुशार मुलाच्या तोंडाकडे पाहील, ही भीती आहे. उत्तराचा खरेपणा डोकी मोजून ठरतो, अशी समजूत तिच्या मनात एकदा रुजली, तर ती काढून टाकणे वर्षभराच्या अध्यापनासही कठीण जाते.

ही दुर्बलता केवळ मुलांतच असते असे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत महाविद्यालयीन तरुणांस काही रेषांच्या लांबीची तुलना करावयास सांगितले होते. गटातील इतर सर्वजण आधीच पढविलेले असून ते ठरावीक वेळी एकमताने उघड चुकीचे उत्तर देत. अशा वेळी तरुणांनी दिलेल्या उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या चुकीच्या बहुमतास धरून होती. मात्र खरे उत्तर देणारा एक जरी सोबती गटात असला, तरी हे प्रमाण पुष्कळच घटत असे. जेथे शिकलेले तरुण डोळ्यांसमोरच्या रेषेविषयी कचरतात, तेथे दहा वर्षांच्या मुलीने माघार घेतली यात नवल नाही. तिला एका सोबत्याची गरज होती. गणितात हा सोबती म्हणजे ताळा होय.

चुकलेले उत्तर काय सांगते?

आता दुसरे उदाहरण पाहू. ‘एका व्यापाऱ्याजवळ ५०३ किलो हळद होती. त्याने २७८ किलो विकली. किती उरली?’ या वजाबाकीची तीन उत्तरे मुलांच्या बोलण्यात हमखास ऐकू येतात: २२५, ३७५ आणि ३२५.

ज्याचे ३७५ आले, त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. ३ मधून ८ जात नाहीत म्हणून त्याने ८ मधून ३ काढले. ० मधून ७ जात नाहीत म्हणून ७ तसेच खाली उतरविले. ज्याचे ३२५ आले, त्याने ३ चे १३ केले आणि शून्याच्या जागी ९ मांडले. परंतु ज्या शतकातून हा उसना आला, त्या ५ चे ४ करण्यास तो विसरला. दोन्ही मुलांच्या उत्तरांवर सारखीच तांबडी फुली पडते, पण त्यांचे अज्ञान मात्र सारखे नाही. पहिल्यास उसना घेण्याची कल्पनाच उमगलेली नाही. दुसऱ्यास ती उमगली असून फक्त एक पायरी सुटली आहे. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील. दुसऱ्याला एक प्रश्न विचारला तरी पुरे.

जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतील चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून असे दिसून आले की, पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक विशिष्ट, परंतु सदोष रीत इमानाने पाळीत असते आणि म्हणून तीच चूक पुन्हा पुन्हा करते. अशा मुलास ‘नीट लक्ष दे’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण त्याने लक्ष दिलेलेच असते.

मराठी संख्यानामांमुळेही उत्तरे जुळविताना घोटाळा होतो. ६९ लिहिणारा मुलगा ‘एकोणऐंशी’ म्हणतो आणि ७९ लिहिणाऱ्यास आपले उत्तर जुळले असे वाटते. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने वीस एक, वीस दोन अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात बराच वाद झाला. त्या वादात कोणाचेही मत काहीही असो, ही अडचण खरी आहे. म्हणून उत्तरे तोंडाने न जुळविता लिहून जुळवावीत, ही सवय मुलांस लावावी.

पाठाची मांडणी

गणिताच्या परीक्षेनंतरची पहिली तासिका या कामी राखून ठेवावी. दुसऱ्या दिवशी अन्य विषयाचा पेपर असल्यास सर्व पेपर संपेपर्यंत थांबावे. झाल्या चुकीच्या काळजीने पुढचा पेपर बिघडू नये.

(१) ज्या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आली असतील असे दोनच प्रश्न निवडावे. आलेली सर्व उत्तरे फळ्यावर लिहावी. कोणते कोणाचे हे सांगू नये.

(२) हात वर करावयास लावून मत घेऊ नये. प्रथम प्रत्येक मुलाने वहीत आपले उत्तर स्वतंत्रपणे मांडावे आणि मगच शेजाऱ्याशी बोलावे. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकविणारे एरिक माझूर यांनी १९९१ पासून हाच क्रम आपल्या वर्गात पाळला: आधी स्वतःचे उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, नंतर पुन्हा उत्तर.

(३) भिन्न उत्तरांच्या मुलांच्या जोड्या कराव्या. ‘माझे बरोबर’ असे म्हणावयाचे नाही, ‘मी असे केले’ असे सांगावयाचे, एवढा एकच नियम ठेवावा.

(४) ताळा करावा. २२५ मध्ये २७८ मिळविले तर ५०३ येतात. ३७५ मध्ये मिळविले तर ६५३ आणि ३२५ मध्ये मिळविले तर ६०३ येतात. निकाल ताळ्याने दिला, गुरुजींनी नव्हे, हे मुलांस दिसू द्यावे. खांबांच्या प्रश्नासाठी वर्ग अंगणात न्यावा, २० मीटरची रेघ आखून दर ५ मीटरवर एक मूल उभे करावे आणि मुलांकडूनच मोजून घ्यावे. चार अंतरांस पाच मुले लागतात, हे पाहिलेले सहसा विसरले जात नाही.

(५) शेवटी चुकीचे उत्तर कोणत्या वाटेने आले असावे, याचा शोध मुलांकडून घ्यावा. ज्या मुलाची ती चूक असेल, त्यास पुष्कळदा स्वतःच ती सांगावीशी वाटते. न वाटल्यास आग्रह धरू नये.

द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन वर्ग सांभाळावे लागतात. तेथे एका वर्गास जोड्यांचे काम देऊन दुसऱ्या वर्गास पाठ देणे सहज शक्य आहे.

काही सावधगिरी

परीक्षा चालू असताना उत्तरे पाहणे आणि ती संपल्यावर जुळविणे यांतील भेद मुलांस स्पष्ट सांगावा. पहिले अप्रामाणिकपणाचे आहे, दुसरे अभ्यासाचे. म्हणून झाडाखाली जमलेल्या मुलांस हटकू नये. कोणाचेही नाव घेऊन चूक वाचून दाखवू नये. शिक्षकाची उत्तरसूचीही ताळ्यातून सुटत नाही, हेही ध्यानात असावे. ‘दोन्ही टोकांस खांब हवेत’ हे वाक्य प्रश्नात राहून गेले असेल, तर एकाहून अधिक उत्तरे संभवतात आणि तसे वर्गापुढे मान्य करून गुण दुरुस्त करणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. गुरुजींनी आपली चूक ताळ्यानिशी सुधारलेली मुलांनी पाहिली, म्हणजे स्वतःची चूक लपविण्याचे त्यांना कारण उरत नाही.

खांब मोजणाऱ्या त्या मुलीस अशा तासिकेत पुन्हा एकदा रेघ ओढावयास मिळेल. या वेळी चौघेजण तिच्या वहीत डोकावून पाहतील आणि ‘एकदा परत मोज,’ असे म्हणतील. पुढच्या परीक्षेनंतर झाडाखाली जमलेल्या मुलांच्या तोंडी ‘तुझं किती आलं?’ याबरोबरच ‘कसं आलं?’ हा प्रश्नही ऐकू येऊ लागला, तर ती तासिका सत्कारणी लागली असे शिक्षकांनी खुशाल समजावे.