पोपटी शिजली का?

थंडी पडली की कोलाड-रोह्याकडे शेताशेतांत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा लावलेली कोंबडी भरून, तोंड पाल्याने बंद करून, भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही. शेंगा-पाल्याच्या ओलाव्यावरच सारे शिजते. तळणापेक्षा मला ही रीत कितीतरी बरी वाटते. वलसाडकडचे उंबाडियू हिचेच भावंड. पेरू देशातील डोंगरी लोकही तापल्या दगडांत मांस, बटाटे, शेंगा पुरून ‘पाचामांका’ करतात. आपल्या मडक्यातला बटाटाही मूळचा तिकडचाच!

आता काळजीचे. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की पोपटी झाली, असे आपण मानतो. त्याने मडके तापल्याचे कळते, कोंबडी शिजल्याचे नव्हे. अर्धकच्च्या कोंबडीतून साल्मोनेलासारखे जंतू पोटात जाऊन जुलाब, ताप येतो. लहान मुले व वृद्धांना तो फार जड जातो. म्हणून तुकडे लहान करा, चिरा द्या. हाडाजवळ मांस लालसर दिसले तर ते घरी नेऊन पुन्हा शिजवा. वालाचा दाणाही पुरता मऊ हवा. कच्चा वाल बाधतो. आणि कोंबडीला मसाला लावलेले हात साबणाने धुवूनच शेंगा सोलायला बसा. (शेतावर निघताना मीठ आठवते, साबण मात्र घरीच राहतो!)