छोटा व्यवसाय आणि आरोग्य विमा : एक अभ्यास

नोकरदार माणूस आजारी पडला तर त्याची रजा खर्ची पडते. छोटा व्यावसायिक आजारी पडला तर त्याचे दुकान बंद पडते. म्हणजे ज्या दिवशी दवाखान्याचा खर्च सुरू होतो, नेमकी त्याच दिवशी मिळकत थांबते. आम्ही बँकेच्या खिडकीवर बसणारे कारकून. मुदतीआधी मोडलेल्या ठेवींच्या पावत्या आणि सोनेतारणाचे अर्ज आमच्या हाताखालून नेहमी जातात. कारण विचारले तर बहुतेक वेळा एकच शब्द ऐकू येतो, ‘दवाखाना’.

आपल्या संस्थेचे अनेक सभासद आज पिठाची गिरणी, वेल्डिंग, शिवणकाम, झेरॉक्स, रिक्षा असे स्वतःचे व्यवसाय करतात. त्यांच्यासाठी परवडणारा आरोग्य विमा कोणता आणि तो कसा घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. परंतु त्याआधी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्हास आवश्यक वाटते.

आमची चूक

आमच्या धाकट्या बंधूंचे वेल्डिंगचे छोटे दुकान आहे. २०१९ साली त्यांनी आरोग्य विमा घेतला. घरात शिकलेले म्हणून फॉर्म आम्हीच भरला. ‘मधुमेह आहे काय?’ या रकान्यापाशी आमचा हात थांबला, कारण बंधूंना दोन वर्षांपासून साखरेच्या गोळ्या चालू होत्या. एजंट म्हणाला, “नाही लिहा साहेब, नाहीतर हप्ता वाढेल.” आम्ही ‘नाही’ लिहिले. २०२१ साली पायाची जखम चिघळून बंधूंना रुग्णालयात दाखल करावे लागले. कंपनीने जुने कागद मागविले आणि आजार लपविला म्हणून दावा नाकारला. भावजयीचे दागिने आमच्याच शाखेत तारण पडले. आम्ही तक्रारही केली नाही, कारण ‘नाही’ हा शब्द आमच्याच अक्षरात होता.

म्हणून या अभ्यासातील पहिला धडा हा की, खोटे लिहून स्वस्त झालेला विमा हा विमाच नव्हे.

१. प्रथम हक्काचे ते घ्यावे

विमा विकत घेण्यापूर्वी घरातील शिधापत्रिका पाहावी. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. राज्य शासनाच्या २०२३ च्या निर्णयाने पिवळ्या व केशरीच नव्हे, तर शुभ्र शिधापत्रिकाधारकांनाही तिच्यात घेतले आणि कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५ लाख रुपये केली. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक ज्येष्ठास, उत्पन्न कितीही असो, तिचा लाभ मिळतो.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही योजना ठराविक उपचारांना आणि योजनेतील रुग्णालयांनाच लागू आहे. म्हणून आपल्या तालुक्यात अशी रुग्णालये कोणती, हे आजारपण येण्याआधीच विचारून ठेवावे. दुसरे, शिधापत्रिकेवर सुनेचे, नातवाचे नाव चढलेले नसेल तर ऐन वेळी धावपळ होते. ते काम आधीच करून घ्यावे.

२. कामगारांचा विमा

ज्यांच्याकडे दहा किंवा अधिक कामगार आहेत, त्यांना कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ई.एस.आय. योजना लागू होते. २०१७ साली वेतनाची मर्यादा महिना २१,००० रुपये झाली. २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्का आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपविले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि १९४८ साली कायदा झाला. आपल्यापैकी जे आज मालक झाले आहेत, त्यांनी ही वर्गणी ओझे मानू नये. परंतु एकट्या मालकीच्या धंद्यात मालक स्वतः या योजनेत येत नाही. त्याला आपली सोय वेगळी करावी लागते.

३. स्वतःची पॉलिसी

बाजारात पॉलिसींची नावे इतकी आहेत की सामान्य माणूस गोंधळतो. हा गोंधळ टाळण्यासाठी एप्रिल २०२० पासून ‘आरोग्य संजीवनी’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी सुरू झाली. अटी सर्व कंपन्यांच्या सारख्या, हप्ता मात्र वेगवेगळा. त्यामुळे तीन-चार कंपन्यांचे दर विचारून तुलना करणे सोपे जाते. तिच्यात दाव्याच्या रकमेपैकी ५ टक्के आपण सोसावे लागतात. खोलीचे भाडे विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये मिळते.

खोलीभाड्याची ही मर्यादा समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. समजा, विमा २ लाखांचा आहे. म्हणजे खोलीची मर्यादा ४,००० रुपये झाली. आपण ८,००० रुपयांची खोली घेतली, तर केवळ भाड्याचा फरक भरून भागत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार असे खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात. ते ६०,००० असतील तर ३०,००० रुपयेच धरले जातील. म्हणून दाखल होतानाच मर्यादेतील खोली मागावी.

हप्त्याविषयी एक चांगली गोष्ट म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. आमचा सल्ला असा की, वर्षाच्या हप्त्याचे बारा भाग करून तेवढ्या रकमेची आवर्ती ठेव उघडावी. वर्षाला १२,००० रुपये भरणे जड जाते. महिन्याला १,००० बाजूला टाकणे जमते. नूतनीकरणाची तारीख चुकवू नये, कारण पॉलिसी खंडित झाली की पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळही हातचा जातो.

४. फॉर्म भरताना

रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, जे असेल ते लिहावे. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार आधीपासून असलेल्या व जाहीर केलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ ३६ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालली की सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती वाचून, न पटल्यास परत करता येते. हे ३० दिवस वाचण्यासाठी आहेत, कपाटात ठेवण्यासाठी नव्हेत.

५. एक गैरसमज

खात्यातून वर्षाला २० किंवा ४३६ रुपये कापले जातात म्हणून ‘आमचा विमा आहे’ असे अनेक खातेदार आम्हास सांगतात. २० रुपयांची सुरक्षा विमा योजना अपघातासाठी आहे आणि ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजना मृत्यूनंतर वारसांना रक्कम देते. दोन्ही जरूर घ्याव्यात. पण यातून रुग्णालयाचे बिल भागत नाही.

६. दावा नाकारला तर

प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तेथे ऐकल्या जातात, फी नाही, वकील लागत नाही. मात्र आपला कागद खरा असला पाहिजे.

समारोप

बंधूंनी २०२४ साली पुन्हा विमा घेतला. या वेळीही फॉर्म आम्हीच भरला आणि मधुमेहाच्या रकान्यात ‘होय’ लिहिले. हप्ता वाढला. मधुमेहाचा प्रतीक्षाकाळ २०२७ मध्ये संपेल. तोवर शिधापत्रिकेवरील योजनेचा आधार आहे. भावजयीचे दागिने गेल्या वर्षी सुटले.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे आहे. आपल्या घरातील वडील माणसे एजंटाच्या शब्दावर सही करतात, कारण वाचून दाखविणारे कोणी जवळ नसते. आज घरी गेल्यावर शिधापत्रिकेवरील नावे तपासा, पॉलिसी असेल तर ती मोठ्याने वाचून दाखवा, आणि फॉर्म भरण्याची वेळ आली तर खरे तेच लिहा. शिक्षण घेऊनही आम्ही त्या एका रकान्यात चुकलो. तुम्ही चुकू नका.